मंडईतला माझा वाघ

यंदा मंडईच्या चित्रप्रदर्शनात पहिला नंबर माझा, हे मी दिवाळीआधीच सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. उगाच दुसऱ्या कोणी आशेवर राहू नये ना! स्वराज्य आल्यापासून आमच्या ब्रह्मपुरीकडच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीच्या नाचासोबत चित्रांचाही मांडव पडतो. पहिलं आलेलं चित्र नागपूरला जाणार होतं, खाली चित्रकाराचं नाव लिहून! गोकुळा नावाची मुलगी या जगात आहे, हे नागपूरकरांना कधीतरी कळायलाच हवं होतं.

मी वाघ काढला होता. हळदीचा पिवळा, काजळीचे पट्टे, आणि मिशा तर अशा की आमचं मांजर घरात यायचं बंद झालं!

मंडईला निघालो आणि रान लागायच्या आत मायने बैलगाडी थांबवली.

"वाघोबाले तसाच रानातून नेशीन काय वो? शेंदूर लाव आधी!"

"माय, ते चित्र आहे!"

"तुले माहीत हाय. रानातल्याले माहीत हाय काय?"

लावला टिळा. म्हटलं, पोचल्यावर पुसून टाकू.

पण तेलात कालवलेला शेंदूर तो! परकराच्या टोकाने पुसायला गेले, तर टिळ्याचं कपाळ झालं, कपाळाचं तोंड झालं, आणि बघता बघता माझा वाघ भर कार्तिकात पळसासारखा फुलला!

मांडवात सोमाजी गुरुजींनी चष्मा वर केला. "हा सूर्य बुडून राह्यला काय?"

"वाघ हाय, गुरुजी!"

"मंग टांग लवकर! परीक्षक येऊन राह्यले."

टांगला. शेजारी माझ्या वर्गातल्या लच्छूचं वांगं होतं. एकच वांगं, तेही आडवं! मला त्याची दयाच आली.

परीक्षक काही येईनात आणि माझा पाय काही एका जागी ठरेना. पाळण्यापाशी गेले, परत आले. दंडारीपाशी गेले, परत आले. पुन्हा पाळण्याकडे जाऊन येते तर चित्रापुढे मासे विकणारी शकुबाई हात जोडून उभी! टोपली बाजूला, डोळे मिटलेले.

"शकुबाई, काय करून राह्यली?"

"दर्शन घेऊन राह्यली. यंदा मंडईत वाघोबा बसवला, लय चांगलं झालं!"

"अवो, हा माझा वाघ आहे!"

"साऱ्याइचा हाय बाई, तुह्या एकटीचा कसा? आन् चप्पल काढ आधी!"

झालं! शेंदूर फासलेला वाघ म्हणजे वाघोबा, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या. येईल तो शेंदराचं बोट ओढून जाई. पट्टे गेले, पंजे गेले, खाली चिकटवलेलं माझं नावही गेलं! कोणी तर कोंबडा आणला. त्याने लच्छूच्या वांग्याला चोचीने भोक पाडलं, तेवढंच मला समाधान!

इतक्यात नागपूरचे परीक्षक साहेब आले. मी कोपराने वाट काढत पुढे घुसले.

"साहेब, हे माझं..."

"ए पोरी, देवाच्या मधात नोको येऊ!" मागून कोणीतरी माझी वेणीच ओढली.

साहेबांनी विचारलं, "कोणी काढला हा?"

"काढला नाई साहेब, आपोआप निघाला!" शकुबाई म्हणाली.

"माह्या डोयासमोर मिशा फुटल्या!" एक म्हातारबुवा छातीवर हात ठेवून बोलले.

मी मायकडे धावले. "माय, सांग ना त्यांना! रात्रंदिवस खपले मी!"

मायने गर्दीकडे पाहिलं, वाघाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप राय! देव पोरीनं बनवला म्हनशीन, तं आधी देव कोपन का मानसं, मले सांगता येत नाई."

साहेबांनी बूट काढले. नमस्कार केला. मग गुरुजींच्या कानाशी लागले, पण मला सगळं ऐकू आलं.

"याला गुण कसे द्यायचे, गुरुजी? शंभरापैकी नव्वद दिले, तर दहा कशाचे कापले, हे परत जाताना रानात यानेच मला विचारलं तर?"

वांगं पहिलं आलं. भोकासकट! नागपूरलाही गेलं.

गुरुजी बिचारे म्हणाले होते, वाघही पाठवू. पण लोक ऐकतात कशाला! वाघोबा शीव ओलांडत नाही म्हणे. डफ वाजवत त्याला शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवला. परतताना आमची गाडी तिथेच थांबली, आणि माझ्याच चित्रापुढे मला रांगेत उभं राहावं लागलं!

"पाया पड," माय म्हणाली. "पुढच्या साली पयला नंबर येऊ दे म्हन."

"माय, अवो मीच काढलाय ना तो!"

"मंग तं तुहं लवकर ऐकन!"

पडले पाया. काय करता! नवससुद्धा बोलले. वाघाचा डावा कान उजव्यापेक्षा अंमळ बारीक निघाला होता. हात जोडलेच होते, तर त्याचीही माफी मागून घेतली.