जनू मेस्त्रीची टकटक

दारावर टकटक झाली आणि दार उघडल्यावर थांबली, तर समजावं पाहुणा आहे. दार उघडल्यावरही ती चालूच राहिली, तर तो जनू मेस्त्री.

तो वाजवतच आत यायचा. आधी चौकट, मग खुर्चीचा हात, टेबल, कपाट. मधल्या बोटाच्या पेरानं तीनदा टकटक, लगेच तळहात लाकडावर, डोळे मिटलेले, आणि मग निकाल. "बोलतंय!" किंवा, उसासा टाकून, "हूं. पुटपुटतंय." चहापाण्याचं नंतर.

मेस्त्री राई गावचा सुतार. खाडीतल्या होड्यांची डागडुजी, खाटा, पाट, दारं, जे येईल ते काम. मी भाईंदरच्या शाळेत शिकवते. आमची मुलं ज्या वेगानं बाक मोडतात तो पाहता आमची गाठ महिन्यातून दोनदा ठरलेली. मी प्रत्येक बाकाला नंबर दिला होता आणि दुरुस्तीची यादी करून ठेवत असे. मेस्त्रीला माझ्या नंबरांची गरज नव्हती. तो आवाजावरून ओळखायचा.

"सात नंबर म्हंजे तो खोकनारा ना, बाई?"

मी सात नंबर वाजवून पाहिला. खरंच खोकत होता.

आमच्या शेजारी बारसं होतं. मूल तासभर रडून नुकतं झोपलेलं. मेस्त्री आला आणि सवयीनं पाळण्याच्या दांडीवर टकटक केलं. मूल दचकून किंचाळायला लागलं, आई धावली, आजीनं कपाळावर हात मारला. मेस्त्री त्या गोंधळात दांडीवर तळहात ठेवून, डोळे मिटून म्हणाला, "साग हाय. पोर शांत झोपंल."

स्वतःच्या घराची चौकट त्यानं सहा वर्षांत तीनदा बदलली. पहिली आंब्याची, दुसरी फणसाची, तिसरी ऐनाची. वाळवी नाही, कूज नाही, तरी बदलली. नुसती चौकट नव्हे, चौकटीपासून थेट चुलीजवळच्या खांबापर्यंत लाकडाची एक पट्टीही ठोकली. कारण विचारलं तर म्हणायचा, "आवाज आत जात नव्हता." कसला आवाज, हे विचारेपर्यंत तो आमची खिडकी वाजवायला लागलेला असायचा. गाव हसायचं. खरं सांगायचं तर मीही हसायचे.

सत्तरच्या सुमारास राईच्या पोरांनी ऑर्केस्ट्रा काढला. कुठूनतरी जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली आणि ती तालमीतच दुभंगली. मग नवी इथेच बनवायची ठरली. तारांखालचं चुंबक आणि त्यावरचं तारेचं वेटोळं सावंतांनी करायचं, लाकडाचं धड मेस्त्रीनं. सावंत म्हणजे स्टेशनजवळचे रेडिओ दुरुस्त करणारे. मूळचे रत्नागिरीचे, आणि कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपला असला पाहिजे अशा मताचे.

मेस्त्रीनं पहिली गिटार ऐनाची केली. मिठागराच्या काट्यावर वजन केलं तर सात शेर भरली. किलो येऊन इतकी वर्षं झाली तरी मेस्त्री शेरातच बोलायचा. वाजवणारा पास्कल हडकुळा पोरगा. दुसऱ्याच गाण्याला त्याचा खांदा खाली गेला.

"मेस्त्री, मी गिटार वाजवतोय का मिठाची गोणी उचलतोय?"

दुसरी फणसाची झाली, पाच शेर. तिसरी शिवणीची, जेमतेम तीन. पास्कल खूश झाला. मेस्त्रीचा जीव मात्र ऐनातच अडकलेला.

"जड लाकडात आवाज ऱ्हातो," तो म्हणायचा. "हलक्या लाकडात येतो नि जातो. चपला न काढता दारातूनच बोलून जानारा पावना असतो ना, तसा."

सावंत हसायचे. "अहो मेस्त्री, सिंपल आहे. तार हलते, मॅग्नेटला कळतं, करंट जातो, स्पीकर वाजतो. लाकूड म्हणजे नुसती खुंटी! शर्ट छान दिसतो तो काय खुंटीमुळे?" आणि खुंटीचा मुद्दा सिद्ध करायला त्यांनी चहाच्या खोक्याच्या फळ्या एकावर एक चिकटवून चौथी गिटार केली. तिच्या पाठीवर 'ओलाव्यापासून जपा' हे छापलेलं तसंच होतं.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. एक दिवस शाळेच्या ओट्यावर सावंत बोलून गेले, "आणि तुमचं ते ऐन तर ठार बहिरं आहे."

मेस्त्रीनं हातातला रंधा खाली आपटला. मी त्याला इतक्या वर्षांत आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"बहिरं म्हनायचं न्हाय! त्येला दुसऱ्या अंगानं ऐकू येतं!"

त्यातून पैज लागली. मेस्त्रीनं पाठ करून बसायचं, सावंतांनी सहा वेळा चारांतली कुठलीही गिटार वाजवायची, मेस्त्रीनं लाकूड ओळखायचं. सहांपैकी चार बरोबर आली तर गणपतीच्या कार्यक्रमात ऐनाची गिटार वाजणार, पास्कलला स्टूल मिळणार आणि सावंत स्टेजवरून माफी मागणार. नाही आली तर मेस्त्री आयुष्यात पुन्हा कुणाच्या घरी टकटक करणार नाही. ही शेवटची अट मेस्त्रीनं स्वतःच घातली, रागाच्या भरात. अटी लिहून घेण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी त्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिल्या आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात निम्मं राई लोटलं. मेस्त्री फळ्याकडे तोंड करून बसला. सुरुवात होण्याआधी त्यानं मान वळवून हळूच विचारलं,

"बाई, हात लावला तर चालंल? नुसता पाठीवर. बघनार न्हाय."

"वा!" सावंत ओरडले. "हात लावून कुणीही सांगेल. आवाज कानानं ऐकायचा असतो, मेस्त्री!"

मी वही पाहिली. हात लावण्याची सवलत कुठेच नव्हती. मी नाही म्हटलं.

पहिल्या खेपेला मेस्त्री म्हणाला, "फनस." ती शिवण होती. दुसऱ्या खेपेला तो हरखला, हात वर करून म्हणाला, "ह्ये बगा, अस्सल ऐन!" सावंतांनी गिटार उलटी करून लोकांना दाखवली. 'ओलाव्यापासून जपा'. वर्ग असा हसला की वरचं कौल हललं. सहांपैकी एक बरोबर आलं. "एवढं तर माझी शेळीपण सांगेल," मागून कुणीतरी म्हणालं.

मेस्त्री उठला, टोपी सारखी केली, म्हणाला, "हरलो." जाताना दाराच्या चौकटीवर त्याचा हात सवयीनं उठला आणि तसाच खाली आला.

कार्यक्रमात खोक्याची गिटार वाजली. चांगली वाजली, ते कबूल केलं पाहिजे. पास्कल तर नाचत वाजवत होता.

त्यानंतर मेस्त्री शाळेत येई, मुकाट्यानं बाक ठोकी आणि जाई. हे फार विचित्र वाटायला लागलं. मुलंसुद्धा विचारायची, "बाई, मेस्त्री आजारी हायत का?"

एकदा तो आपली पटाशी वर्गात विसरला. माझ्या यादीत 'पटाशी परत' हे आठवडाभर पडून होतं, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी राईला गेले. दार सताड उघडं. मी हाक मारणार तोच आतलं दिसलं आणि थांबले.

मेस्त्रीची बायको हिराबाई पाटावर बसली होती, डोळे मिटून. लग्नात धवले म्हणणारी म्हणून एके काळी पंचक्रोशीत तिचं नाव होतं. तिची गाणी सुरू झाल्याशिवाय हळद लागत नसे. मग एका तापात कान गेले, तशी ती बाहेर पडेनाशी झाली. आम्हाला एवढंच माहीत होतं. तिच्या मांडीवर गिटार होती आणि दोन्ही तळवे लाकडावर. मेस्त्रीनं एक तार छेडली.

"शिवन," ती म्हणाली. न ऐकणाऱ्या माणसाचा तो सपाट, जरा मोठा आवाज.

त्यानं गिटार बदलली. तार छेडली.

"फनस."

तिसरी वेळ. या वेळी ती लवकर बोलली नाही. नुसती तार, ना स्पीकर ना वीज. मला दारात क्षणभर बारीकसं ऐकू आलं आणि संपलं. तिचे तळवे मात्र तसेच होते. कितीतरी वेळानं तिनं ते उचलले आणि हसून म्हणाली, "ऐन. अजून व्हता."

मी खाकरले. मेस्त्री चोरी पकडल्यासारखा उठून बाहेर आला. मी पटाशी दिली आणि न राहवून म्हटलं, "मेस्त्री, ही तर सहाच्या सहा सांगेल! सावंतांना बोलावू या. पुन्हा पैज लावा!"

"न्हाय बाई. पैज माजी व्हती." त्यानं आत पाहिलं. "चार लोकांत डोले मिटून तिला बसवू? गानं ऐकायला बसलीये ती. खेल दाखवायला न्हाय."

मग म्हणाला, "ह्ये वहीत लिवू नका."

मी लिहिलं नाही. सोमवारी मात्र वही काढून त्याच्यासमोर धरली. "मेस्त्री, नीट वाचा. 'कुणाच्या घरी टकटक करणार नाही.' शाळा कुणाचं घर आहे? दोन कपाटं घ्यायची आहेत. लाकूड तुम्ही वाजवून पसंत केल्याशिवाय मी पैसे सोडणार नाही."

त्यानं अट दोनदा वाचली. मग माझ्या टेबलावर तीनदा टकटक केलं, तळहात टेकवला, डोळे मिटले.

"बाई, ह्ये टेबल तुमच्यावानीच हाय. लई बोलतंय."

कपाटांचं माप विचारायला मी पुन्हा राईला गेले तेव्हा मेस्त्री घरी नव्हता. हिराबाई चुलीजवळच्या खांबाला पाठ लावून, दाराकडे पाठमोरी तांदूळ निवडत बसली होती. हाक मारण्यात अर्थ नव्हता. मी ऐनाच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलं.

तिचा हात सुपात थांबला. मागं न बघताच ती म्हणाली, "ह्यो त्यांचा हात न्हाय. कोन हाय? या."