तीन हजार नंबरची जागा

उद्या आप्पांचं वर्षश्राद्ध होतं आणि कॉम्प्युटर ऐकत नव्हता. तोही आप्पांचाच. त्यांचे फोटो त्यात होते, म्हणून पुण्यात वेबसाइट बनवायची नोकरी करणारी हर्षाली डिंगोरे गावातल्या घरी त्याच्यावरच आप्पांच्या आठवणींचं पान बनवायला बसली होती. पाहुण्यांना सकाळी दाखवायचं होतं.

'पोर्ट ३००० आधीच वापरात आहे. ३००१ चालेल का?' असं स्क्रीन विचारत होती. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरमधली पान चालवायची नंबरची जागा. हर्षालीनं चिडून 'नाही' दाबलं.

"काय झालं गं?" तांदूळ निवडता निवडता आईनं विचारलं.

"माझ्या पानाची जागा कुणीतरी अडवलीय."

"रुमाल टाकला आसंल." आईचा सगळा संसार एसटीच्या कंडक्टरबरोबर झाला होता.

हर्षालीनं त्या कुणाला तरी बंद केलं. दोन सेकंदांत तो परत हजर. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो तिच्याआधी येऊन बसला. शेवटी तिनं पान चालवायचं आपलंच सगळं सॉफ्टवेअर पुसलं आणि शेजारच्या गोरखच्या नेटवर पुन्हा उतरवून घेतलं.

"ताई, माझं आजचं नेट संपलं," गोरख खिडकीतून म्हणाला. "आता मॅच काय रेडिओवर ऐकू?"

जागा अजून अडलेलीच.

"आगं, उठवायच्या आधी कोण बसलंय ते तर बघ," आई म्हणाली. "तुझे आप्पा आधी तिकीट इचारायचे."

हर्षालीनं त्या ३००० नंबरच्या जागेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. निळं पान आलं. 'ओतूर स्टँडच्या गाड्या.' खाली वेळा, कुठली गाडी उशिरा येते, कुठला ड्रायव्हर हात केला की थांबतो.

"हेच ते," आई म्हणाली. "आप्पांनी साइट बनवली, चालू झाली म्हून साऱ्या गावाला सांगितलं व्हतं. कुणाच्याच फोनवर उघडंना. लोक लई हसायचे. तुला फोन केलता की."

केला होता. 'माझ्याकडं उघडतंय, लोकांकडं न्हाई.' पान अजून त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, नेटवर चढवायचं राहिलं होतं. अर्ध्या तासाचं काम. ती मीटिंगमध्ये होती. 'रविवारी बघते, आप्पा,' म्हणाली होती. त्यानंतर चार रविवार गेले होते आणि मग आप्पा.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'अडचण आल्यास माझ्या मुलीस फोन करावा. ती रविवारी बघते.' खाली तिचा नंबर.

आज गुरुवार होता. हर्षालीनं आपल्या फोनमधल्या उरलेल्या डेटावर अर्ध्या तासात ते पान नेटवर चढवलं. आईच्या फोनवर ते उघडलं.

"ही साडेसातची आता बंद झाली," आई वाचता वाचता म्हणाली. मग म्हणाली, "आता उठवतीस का त्यांला?"

"नको."

'३००१ चालेल का?' स्क्रीननं पुन्हा विचारलं. हर्षालीनं 'हो' दाबलं आणि शेजारच्या जागेवर आपलं पान उघडलं.