सूर्यभानजींच्या मागावर मुंग्या

"गूळ खाऊन मेला, असा माणूस वऱ्हाडात अजून जन्माले यायचा हाये!"

हे वाक्य सूर्यभानजी छातीवर हात मारून म्हणत, आणि तोच हात लगेच पुरणपोळीकडे नेत. वरूडकडच्या त्यांच्या गावात ते पंगतीला बसले की वाढणारे देवाचं नाव घेत. तुपाची वाटी त्यांच्यापुढे बिचारी पोरकी दिसे. पन्नाशी उलटून साठी दिसू लागली, तरी जेवणात माघार नव्हती. मळ्यात जायचं तर दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून. मळा हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायलाही ते दमणीत बसूनच जात!

त्या मळ्यात त्यांनी संत्र्याची कलमं लावली होती. लेकरांसारखी जपलेली. "पहिला बहार आला का मी एकेका झाडाखालून पायी हिंडन," असं ते बायकोला, मनकर्णाबाईला, सांगत. पायी हिंडण्याची त्यांनी आयुष्यात केलेली ही एकमेव प्रतिज्ञा.

त्याच कलमाचा काटा दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या उजव्या पायात शिरला. काटा निघाला, जखम राहिली. आठवडे गेले, भरेना. तहान तर अशी, की घरातला रांजण त्यांना पाहून कोरडा पडे! आणि एका सकाळी गोठ्यामागच्या बोरीखाली, जिथं ते लघवीला जात, तिथं त्यांना मुंग्यांची रांग दिसली.

सूर्यभानजी आल्या पावली मागे फिरले.

थोरले भाऊ महादेवराव असेच गेले होते. आधी तहान, मग मोरीत मुंग्या, मग पायाला फोड. बोट काळं पडलं, मग पाऊल. तेव्हापासून या घरात मुंगी दिसली की बोलणं थांबायचं.

त्याच दिवशी दमणी अमरावतीला निघाली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात सूर्यभानजींच्या लघवीचे थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि पिवळ्याची भाजलेली वीट झाली!

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "भरपूर आहे. पण वेळेवर आलात. गोड बंद. भात जवळजवळ बंद. भाकर, भाजी, वरण पोटाला आधार होईल इतकंच. जखम रोज धुवायची, कोरडी ठेवायची. आणि ती दमणी गोठ्यात, तुम्ही रस्त्यावर."

"या वयात चालू, साहेब?"

"चालायला वय लागत नाही, पाय लागतात. ते आहेत तोवर चाला. होळी झाली की पुन्हा या."

'आहेत तोवर' हे दोन शब्द सूर्यभानजी अमरावतीपासून गावापर्यंत उजव्या पायाशी धरून बसले.

परतल्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. गुळाच्या भेली माळ्यावर गेल्या. ताटात ज्वारीची भाकर, मेथी आणि कारलं. पहाटे काठी घेऊन ते मळ्यात पायी जात, संध्याकाळी पायी येत. मनकर्णाबाई कोमट पाण्यानं त्यांचा पाय धुवे, पुसून कोरडा करी, धुतलेली पट्टी बांधी. तेवढा वेळ सूर्यभानजी आढ्याकडे पाहत. पायाकडे पाहायची छातीच होत नव्हती.

"पाहा तं एकडाव!" ती म्हणे.

"तू पाह्यलं ना? बस झालं."

एवढं सगळं केल्यावर मुंग्यांनी जावं की नाही? डॉक्टरांकडे निळी नळी असेल, सूर्यभानजींकडे बोरीखालची जमीन होती! रोज सकाळी ते वाकून पाहत. आणि मुंग्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या! आधी एक रांग होती, आता जत्रा भरली.

त्यांनी भाताचं शीतही सोडलं. मुंग्या वाढल्या. संक्रांतीचा तीळगूळ हातात न घेता दुरूनच नमस्कार केला. मुंग्या वाढल्या. भाकर अर्धी केली, मग चतकोर. मुंग्या पोरंबाळं घेऊन राहायला आल्या!

ते जागा बदलून चिंचेखाली जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी तिथं मुंग्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेले. तिथंही मुंग्या! घरात गोड खाणारा कुणी उरला नव्हता, तरी साखरेचा डबा रिकामा होत होता. पण भीतीनं भरलेल्या डोळ्यांना डबा कुठला दिसायला?

एकदा उजाडता उजाडता मनकर्णाबाई जात्यावर बसली होती. घरघरीतून तिची ओवी आली,

मुंगीबाई मुंगीबाई, तुह्यं वारूळ भरू दे,
माह्या कुंकवाचा धनी, मळ्यामंदी फिरू दे.

सूर्यभानजी अंथरुणातच गारठले. म्हणजे हिनंही मुंग्या पाहिल्या! पाहिल्या, आणि आपल्याला सांगत नाही! महादेवरावांनाही शेवटी कुणी काही सांगत नव्हतं. त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढली, आणि त्या दिवशी चतकोर भाकरही परत पाठवली.

इकडे गावाच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. होळीच्या दिवशी शेजारचे खुशालराव साखरगाठी घेऊन आले आणि लाडानं ती सूर्यभानजींच्या गळ्यात घातली. गळ्यात नाग पडावा तसे सूर्यभानजी किंचाळले! गाठी उडाली, ती थेट म्हशीच्या शिंगावर.

"सण हाये ना बाप्पा! काहून भेता?" खुशालराव म्हणाले. मग आवाज उतरवून, "गावात बोलून राहिले का तुमी रिद्धपूरले मठात जाऊन दीक्षा घेता म्हणून. गोड सोडलं, गाडी सोडली, आता तं भाकरही सोडली. वहिनीले कधी सोडता, ते तेवढं सांगा!"

दाराआड मनकर्णाबाईच्या हातातलं सूप पडलं.

"माय वं!" एवढाच आवाज आला. आणि त्यानंतर मुंग्यांचा कहर झाला.

होळी उलटली, आणि दुसऱ्या सकाळी सूर्यभानजी मळ्याच्या वाटेनं निघाले. चालता चालता मागे वळून पाहिलं. घरापासून मळ्यापर्यंत, काल ते जिथून चालले होते तिथून, पायवाटेच्या कडेनं मुंग्याच मुंग्या! काळ्या, तांबड्या, पंख फुटलेल्या. जणू त्यांची वरात चालली आहे आणि नवरदेव सूर्यभानजी!

लघवीचं एक समजलं. पण इथं तर ते फक्त चालले होते! म्हणजे साखर आता तळव्यातून झिरपू लागली. पाय गेला! महादेवरावांचा गेला तसाच गेला. संत्र्याची कलमं वाऱ्यानं हलत होती, त्यांच्याकडे त्यांनी निरोप घेतल्यासारखं पाहिलं.

"मनकर्णे!" घरी येऊन ते म्हणाले, "दमणी जुंप. अमरावतीले जाऊ. डॉक्टरले म्हणतो, काप बाप्पा पाय, पण एकच काप. दुसऱ्यावर मी लंगडत मळा पाहून येईन."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं आणि दमणीत बसली. वाटभर बैलांच्या घुंगरांनाच काय ते बोलणं सुचत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि भुवया चढवल्या. "उपास कुणी करायला सांगितले होते?" मग निळं पाणी, थेंब, दिवा. सूर्यभानजींनी डोळे मिटले. मारुतीपासून मरीमायपर्यंत सगळ्यांना हाक मारून झाली.

"उघडा डोळे!"

नळीत निळं पाणी होतं. उकळून उकळून निळंच! पोळ्याच्या आभाळासारखं धुतलेलं निळं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या जागी गुलाबी कोवळी कातडी. "ही तर केव्हाच भरली. तुम्ही पाहिली नाहीत?"

"म्या रोज सांगतलं," मनकर्णाबाई म्हणाली. "हे आढे मोजत होते."

पण सूर्यभानजींना हे पटणारं नव्हतं. "साहेब, तुमची नळी खोटी हाये! साखर आता खालून निघून राहिली, तळव्यातून! जिथं पाय ठेवतो तिथं मुंग्या!"

"अहो, असं होत नाही."

"होत नाही? चला, दाखवतो!"

तिघं ओसरीवर आले. आणि पायरीपासून दारापर्यंत, सूर्यभानजींच्या पावलापावलावर, मुंग्या! डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुंग्या तिथंच. कंपाउंडर खराटा घेऊन धावत आला आणि ओरडला, "साहेब, हे पीठ कुणी सांडलं? साखर घातलेलं पीठ!"

सगळे मनकर्णाबाईकडे वळले. तिच्या पदराची गाठ सुटलेली होती आणि बोटं पांढरी होती.

"असे काय पाह्यता?" ती रडवेली झाली. "शेजारच्या तानुबाईनं सांगतलं, ज्याचे पाय जपायचे त्याच्या वाटेवर मुंग्यांले पीठ-साखर घालाव. लाख जीव दुवा देतात. पहिल्या दिवसापासून घालून राहिली मी. बोरीखाली मुंग्या दिसल्या, तिथं घातलं. हे चिंचेखाली गेले, म्या चिंचेखाली घातलं. हे वाळत गेले, मी मूठ वाढवत गेली. मंग खुशालभाऊजी म्हणे दीक्षा घेतात, तं म्या मळ्यापरेंत घातलं!"

"अवं, म्या मुंग्या पाहून उपाशी राह्यलो!"

"अन् म्या तुमाले उपाशी पाहून मुंग्यांले जेवू घातलं!"

डॉक्टर खुर्चीवर बसले. हसू आवरल्यावर म्हणाले, "तुमची साखर उतरली, सूर्यभानजी. मुंग्यांची मात्र चढली असणार! आता उपास बंद. भाकर पोटभर, चालणं रोज, कारलं चालू. हा आजार गेलेला नाही, दाराबाहेर बसलाय. गूळ दिसला की आत येईल."

"हाव जी," मनकर्णाबाई म्हणाली. "पण गूळ तं लागन! नवस बोलली ना मी. पाय वाचला तं गावच्या देवीपुढं यांची गुळाची तुला करीन."

तुला झाली. चैत्रात, देवळापुढच्या लिंबाला कापूस तोलायचा मोठा काटा बांधून. एका पारड्यात सूर्यभानजी, हातात कारलं घेऊन. दुसऱ्यात भेलींवर भेली. आयुष्यात इतका गूळ इतक्या जवळ आला नव्हता, आणि इतका दूरही.

"दिवाळीत बसले असते तं गुऱ्हाळ आणाव लागलं असतं!" खुशालराव ओरडले.

पारडी समसमान झाली. हलगी वाजली. आणि तेवढ्यात सूर्यभानजींना पायावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. पाहतात तो काय! बऱ्या झालेल्या उजव्या अंगठ्यावरून एक काळी मुंगी सावकाश वर येत होती.

"मनकर्णे! मुंगी! पुन्हा मुंगी!"

मनकर्णाबाई जवळ आली, वाकली, नीट पाहिलं. मुंगी अंगठ्यावर थांबली, मिशा हलवल्या, आणि दोरीवरून तरातरा गुळाच्या पारड्याकडे निघून गेली.

"बसा गुमान," ती म्हणाली. "वाट चुकली होती तिची. तुमच्यात काय गोड राह्यलं आता?"