आत्याचे डोळे आणि नवा कॅमेरा

या, बसा, जरा जवळ सरका. पाय आखडून घ्या, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही जागा होईल. देवानं माणसाला दोन डोळे दिले. ते उघडायचे कधी आणि मिटायचे कधी, एवढं कळलं की निम्मा परमार्थ साधला! उरलेला निम्मा आज सांगतो.

आमचे भिंगोबा चष्मेवाले. अख्ख्या गल्लीची नजर त्यांनी घासलेल्या भिंगांवर चालायची. त्यांना लहानाचं मोठं केलं आत्यानं, आणि आत्या म्हणजे पोहण्याच्या तलावावरची गुरुमाय! निम्म्या गावाला तिनं पाण्यात ढकललं आणि तरंगवलं. पहिला शिष्य अर्थातच भिंगोबा. आता तलावाच्या भिंतीवर तिचा फोटो लागणार होता. फोटो उद्या सकाळीच द्यायचा. पण घरातल्या एकाही फोटोत तिचे डोळे उघडे असतील तर शपथ! गाल भोपळ्यासारखे फुगलेले, डोळे गच्च मिटलेले. काही फोटोंत तर कपाळच गायब!

"असा फोटो भिंतीवर लावला, तर लोक मला गेलेली समजतील रे!" आत्या म्हणाली.

"दोष तुझा नाही, या डबड्याचा!" भिंगोबांनी जुना कॅमेरा पिशवीत कोंबला. "भिंगातलं मला कुणी शिकवू नये. आज हा बदल्यात देऊन असा नवा कॅमेरा निवडतो, की तुझ्या पापण्यांची काय बिशाद!"

दुकानात शिरताच भिंगोबांनी उजेड हवा म्हणून आत्याला दर्शनी खिडकीतल्या चौथऱ्यावर चढवलं. पहिला कॅमेरा उचलला, भिंगावर फुंकर मारली, आणि जन्मभराच्या सवयीनं गर्जना केली, "एक, दोन, तीन!"

डोळे बंद, गाल टम्म!

"हा बाद!" भिंगोबा म्हणाले.

दुकानदारीणबाईंनी दुसरा दिला. "दादा, हा हुशार आहे. कुणी डोळे मिटले की सांगतो."

त्यानं सांगितलं. सांगतच राहिला! टूं टूं, टूं टूं! रस्त्यावरची माणसं काचेला नाकं लावून बघू लागली.

"तिसरा घ्या. समोरचं माणूस हसल्याशिवाय हा फोटोच काढत नाही."

तो बिचारा आत्याचे फुगलेले गाल बघून मौनात गेला.

"आत्या, हसायचं आहे, फुगा फुगवायचा नाही!"

"मी कुठं फुगवतेय? तूच नीट काढ!"

"मग नीट ऐक! एक! दोन!! ती...न!!!"

आवाज इतका दणदणीत, की आत्यानं हात पुढे जोडून चौथऱ्यावरून थेट सूर मारला! खाली ट्रायपॉडची रांग उभी होती. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि शेवटचा भिंगोबांच्या पायावर! आत्या मात्र कॅमेऱ्यांच्या पिशव्यांच्या ढिगात अलगद तरंगत होती. तरबेज हाडं ती!

"मावशी, लागलं का हो?" बाई धावल्या.

"मला काय धाड भरली आहे! ए भिंगोबा, आण तो कॅमेरा इकडे. आता तू उभा राहा, मी काढून दाखवते. एक, दोन, तीन!"

आणि काय सांगू! तीन म्हणताक्षणी भिंगोबांचे डोळे मिटले, गाल फुगले, गुडघे वाकले!

आत्यानं पडद्यावर पाहिलं. "अरे, हे तर माझंच तोंड! तीन म्हटलं की श्वास कोंडायचा, डोळे मिटायचे आणि उडी मारायची, हे मीच तुला शिकवलं! म्हणजे इतकी वर्षं फोटो काढताना तूसुद्धा डोळे मिटत होतास?"

"तरीच..." भिंगोबांचा आवाज बारीक झाला, "तरीच कपाळं कापली जायची!"

आत्या जी हसत सुटली, ती थांबेचना! डोळे टपोरे उघडे, त्यात पाणी, चेहरा उगवत्या सूर्यासारखा. त्याच वेळी दुकानदारीणबाई बदल्यात घ्यायचा जुना कॅमेरा चालतो का, हे बघत होत्या. त्यांनी सहज बटण दाबलं. ना एक, ना दोन, ना तीन!

फोटो असा निघाला, की बाईंनी कॅमेऱ्याचा पडदा काचेकडे धरताच बाहेरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. करविता तो वर बसलेला, आपण नुसतं बटण दाबायचं!

भिंगोबांनी ट्रायपॉड पुसून जागेवर उभे केले आणि जुन्या कॅमेऱ्याला नवा पट्टा घेतला. दुसऱ्या दिवशी तलावाच्या भिंतीवर आत्या अशी झळकली, की पाण्यातली पोरंही पोहायचं विसरून बघत राहिली. भिंगोबा छाती काढून सगळ्यांना सांगत होते, "कॅमेरा मी निवडला बरं का!"

"हो," आत्या म्हणाली, "जुनाच! आणि बटण दुसरीनं दाबलं!"

तर मंडळी, पुढे कधी कुणी तुमच्यासमोर कॅमेरा धरून "तीन" म्हणालं, तर आमच्या आत्याची आठवण काढा. आणि जो फोटो काढतोय, त्याचे डोळे उघडे आहेत ना, तेवढं आधी बघा!