आठवले सर आणि पोवळ्याचे हाड

आठवले सर पूर्ण शाकाहारी आहेत. रविवारी सकाळी ते खडकी बाजारात मासळीवाल्यांकडे असतात. तिथे ते कालवांचे आणि तिसऱ्यांचे रिकामे शिंपले मागतात, शिवाय माकुळाच्या पाठीतले पांढरे, हलके कवच. आतले काही त्यांना नको असते.

"काका, एकदा आतलं पण खाऊन बघा की," मासे विकणाऱ्या कौसल्यामावशी म्हणतात.

"आतलं तुम्हाला लखलाभ. मी फक्त बांधकाम बघायला येतो."

हे ऐकून नवीन गिऱ्हाइकांना सर महापालिकेतले वाटतात.

विश्रांतवाडीत सर माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. शहरातल्या एका प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले, पण अजून तिथे जातात. येऊ नका असे त्यांना कोणी म्हटलेले नाही. समुद्रातले जीव आपली कवचे कशी बांधतात आणि त्यावरून माणसाचे मोडलेले हाड भरून काढायला काय तयार करता येईल, हा त्यांचा विषय. तो ते कोणालाही समजावतात. लिफ्ट बंद असली की समोरच्याला सुटका नसते.

"चुनखडी घ्या. हातोडी मारली, फुटली. शिंपला घ्या. दमवतो. का? माल तोच, बांधकाम वेगळं. पातळ पातळ फरश्या, मध्ये प्रथिनाचा डिंक. भट्टी नाही, सिमेंट नाही. पाण्यात बसल्या बसल्या."

पोवळ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो, घरातल्या थोरल्यांबद्दल बोलताना येतो तसा. पोवळ्याचा सांगाडा आरपार सच्छिद्र असतो, बराचसा हाडासारखा. फॉस्फेटच्या पाण्यात, उष्णता आणि दाब देऊन तो ठेवला की छिद्रे तशीच राहतात आणि पदार्थ मात्र हाडातल्या खनिजाचा होतो. असा ठोकळा हाडातल्या पोकळीत बसवला तर छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्या पाठोपाठ नवे हाड. "आपण खोल्या बांधून द्यायच्या," सर म्हणतात. "राहणारे आपणहून येतात."

आमची इमारत म्हस्के यांनी बांधली. सोसायटीचे चेअरमनही तेच. शिंपले उकळण्याच्या वासाची तक्रार घेऊन ते एकदा वर गेले, तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, लई वास येतोय. पार खालपर्यंत."

"बसा. हा शिंपला बघा. गळती नाही. भेग नाही."

"बरं, मग?"

"तुमच्या इमारतीत दोन्ही आहेत."

म्हस्के चहा न घेता खाली आले.

सरांच्या पत्नी सुमनताई या सगळ्याला सरावल्या आहेत. एका दिवाळीत ऐन वेळी रांगोळी संपली, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या बरणीतली पांढरी पूड घेतली. ती सरांनी धुऊन, कुटून, चाळून ठेवलेली शिंपल्यांची पूड होती. दारात मोठे कमळ उमटले. सर बाहेर आले, वाकले, चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली. "कण छान एकसारखे आलेत," म्हणाले आणि आत गेले. सुमनताईंनी मग मला विचारले, "कमळ बरं आलंय ना हो?"

या वर्षी सुमनताई आळंदी रस्त्याच्या वळणावर वाळूवरून स्कूटर घसरून पडल्या. सर गाडी चालवत नाहीत, म्हणून दवाखान्यात मीच नेले. डॉक्टरांनी खाटेजवळ उभे राहून सांगितले, "गुडघ्याखालच्या हाडाचा माथा आत खचलाय. तो उचलून जागेवर बसवू, प्लेट लावू. खाली पोकळी राहील, ती भरावी लागेल. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून भरता येतो, किंवा पोवळ्यापासून केलेला ठोकळा. यांच्या बाबतीत दोन्ही चालेल. सर, तुमचाच विषय आहे हा."

सर म्हणाले, "कमरेचं घ्या."

सुमनताईंनी मान वळवली. "म्हणजे मला दोन जखमा?"

"आपलं हाड ते आपलं. खात्रीचं."

"आणि पोवळं?"

"तेही चांगलंच आहे. सशांमध्ये आम्ही..."

"मग मला ससा समजा."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

"अहो, माझे दोन कुकर गेले यात. पाहुणे यायचे थांबले. साऱ्या बिल्डिंगला जिन्यात अडवून सांगता, आणि आज तुमचाच भरवसा नाही?"

"पोवळ्यावर आहे," सर म्हणाले. "तुझ्या बाबतीत मला कशावरच ठेवता येत नाही, सुमन. काही चुकलं तर पाय तुझा आहे."

"मीही तेच म्हणतेय. पाय माझा आहे. डॉक्टर, पोवळं भरा."

शस्त्रक्रिया झाली. पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. सर वरण-भात शिकले. रविवारी ते बाजारात गेले नाहीत, आणि लिफ्ट बंद असतानाही जिन्यात कोणाला अडवले नाही. म्हस्केंनी मला फाटकात गाठले. "सर बरे हायेत ना? बरेच दिवस वास नाही आला."

हाडाने ठोकळा धरला आहे का, हे ठरवणाऱ्या एक्स-रेच्या दिवशी मी दोघांना पुन्हा दवाखान्यात नेले. सुमनताईंची चाकाची खुर्ची आत गेली. आयुष्यभर असली चित्रे वाचलेले सर दारातच थांबले. "गाडी नीट लावली आहे का, बघून येतो," असे मला म्हणाले. गाडी मी लावली होती.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले. आधी ठोकळ्याच्या कडा रेखीव दिसत होत्या, आता त्या पुसट झाल्या होत्या. मी बाहेर आलो. सर गाडीजवळ उभे राहून रुमालाने पुढची काच पुसत होते.

"सांगा," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "विशेषणं नकोत."

"हाड ठोकळ्यात शिरलंय. आजपासून पाय टेकवायला सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"सुमनने ऐकलं?"

"ऐकलं. पहिल्यांदा उभं राहायचंय, तुम्हाला बोलावलंय. तुमच्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या."

सरांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"येतो म्हणावं," ते म्हणाले. "इथे जरा धूळ आहे."

काच स्वच्छ होती.