बाण जाईल तिकडे पिन

पांढरीपांडे काकांकडे चार चष्मे आहेत आणि चारही एकाच वेळी त्यांच्या अंगावर असतात. एक नाकावर, एक कपाळावर, एक गळ्यात दोरीला आणि एक शर्टाच्या खिशात. टपाल वाचायचा, टीव्ही बघायचा, गाडी चालवायचा, आणि चौथा बाकीचे तीन शोधायचा. कुठला कधी लावायचा हे काकूंना माहीत होतं. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून काका टपालाच्या चष्म्याने टीव्ही बघतात आणि म्हणतात, "टॉलरन्समध्ये आहे."

हा त्यांचा शब्द. नागपूरहून अमेरिकेत नोव्हायला आले ते गाड्यांच्या कारखान्यात, आणि मोजमापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. ठरल्या मापापेक्षा केसभर इकडे तिकडे चालतं, तेवढी सूट म्हणजे टॉलरन्स, असं त्यांनी मला एकदा कुंपणापलीकडून समजावलं होतं. वरणात मीठ जास्त झालं, टॉलरन्समध्ये आहे. बर्फात पाय घसरून पडले, तरी उठताना तेच.

मी माझ्या मुलाच्या घरी राहायला आले तेव्हापासून ते आमचे शेजारी. मी कमी बोलते. पाच वर्षांत मी त्यांच्याशी "हो", "नाही" आणि "भाजी आणली का" एवढंच बोलले होते. बाकी बोलणं ते करायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकांनी धनुष्य आणलं. आम्ही राहतो तिकडे आवारं मोठी, आणि त्यांच्या मागच्या अंगणाला मातीचा उंच बांध आहे. त्या बांधापुढे त्यांनी एक जाड गादीसारखा ठोकळा ठेवला आणि रोज सकाळी नऊ वाजता बाण मारायला लागले. मंडळाच्या गणपतीत तोच विषय.

"अंडं आहे म्हणून केक खात नाही हा माणूस," एक वहिनी म्हणाल्या, "आणि हरीण मारायला निघालाय."

काकांनी ते ऐकलं. "मी खात नाही ना," ते म्हणाले. "पोरगी खाते."

पोरगी म्हणजे रेवा. इथेच जन्मली, वाढली. काकांना वाटायचं तिनं इंजिनीअर व्हावं. तिनं कॉलेज अर्धवट सोडलं आणि उत्तरेला दोन तासांवर जंगलखात्यात नोकरी धरली. दर वर्षी ती धनुष्याने शिकार करते आणि एका हरणावर तिचा हिवाळा निघतो. बापलेकीचा फोन कसा व्हायचा ते कुंपणापर्यंत ऐकू यायचं. पहिलं वाक्य हवेचं, दुसरं तब्येतीचं, तिसऱ्याला भांडण. काकू होत्या तोवर फोन त्या धरायच्या आणि ह्यांचं तिला, तिचं ह्यांना थोडी साखर लावून सांगायच्या. त्या गेल्यावर साखर लावणारं कुणी उरलं नाही.

एक दिवस काका धनुष्य घेऊन थेट आमच्या दाराशी आले.

"सुमनताई, पक्का दोरा आहे का? तुमचा तो बटणं लावायचा?"

मी इथल्या बायकांचे ब्लाउज शिवून देते, त्यामुळे दोरा होता. त्यांच्या धनुष्याच्या दोरीत एक छोटी कडी गुंफलेली असते, शर्टाच्या बटणाएवढी, मध्ये भोक. तिचा दोरा सुटला होता. मी बांधून दिला. मग त्यांनी ते यंत्र समजावलं. पुढे दांड्यावर एक गोल, त्यात एकाखाली एक तीन पिना. हिरवी वीस यार्डांसाठी, पिवळी तीस, लाल चाळीस. कडीच्या भोकातून बघायचं, पिन नेमावर टेकवायची, बाण सोडायचा.

"सोपं आहे," मी म्हणाले.

"सोपंच आहे. फक्त मला पिना दिसत नाहीत." ते पायरीवर बसले. "टपालाचा चष्मा लावला तर पिना दिसतात, पण गादीचं धुकं होतं. काढला तर गादी दिसते, पण पिना नाही ना ताई, शेवंतीची फुलं दिसतात. हिरवी शेवंती, पिवळी शेवंती. हरणाला कुठलं फूल वाहू?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांनी रेवाला विचारलं होतं, या हंगामात मला बरोबर नेशील का. तिनं अट घातली होती. वीस यार्डांवर जेवणाची पेपर प्लेट, पाच बाण, पाचही प्लेटमध्ये. चार नाही, पाच. नेम चुकला तर जखमी हरीण दोन दोन दिवस जंगलात तडफडतं, आणि ते तिला चालणार नाही, बाप असला तरी.

"डोळ्यांचं सांगितलंत तिला?"

"काहून सांगू? नेणारच नाही मग."

त्यांचे किती बाण प्लेटमध्ये जातात ते मी विचारलं. "दोन," ते म्हणाले. आणि पहिल्यांदा टॉलरन्सचं नाव काढलं नाही.

माझेही डोळे जवळचं नीट बघत नाहीत. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची झाली की मी डोळ्याला मूठ लावते आणि मुठीत अगदी बारीक भोक ठेवून बघते. आई अशीच शिवणाची टीप तपासायची. भोक जितकं बारीक तितकं स्वच्छ दिसतं. का ते मला माहीत नाही, मी चौथीपर्यंत शिकले. पण दिसतं. मी काकांना म्हटलं, मूठ लावून बघा.

त्यांनी मूठ लावली. पिनांकडे बघितलं, मग आमच्या अंगणातल्या मेपलकडे, मग परत पिनांकडे. बराच वेळ मूठ काढलीच नाही.

"हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, ताई. आकृती काढून. मार्क पण मिळाले होते." मग स्वतःशीच म्हणाले, "आणि मी चार चष्मे घेऊन फिरून राहिलो."

आठवड्यात त्यांनी बारीक भोकाची कडी मागवली. जुनी काढून मी नवी बांधली. जुनी माझ्या बटणांच्या डब्यात राहिली.

आता नेम नव्याने लावायचा होता. काका बाण मारायचे, मी शेजारी एक छोटी वाकडी चावी घेऊन पिनेचा स्क्रू फिरवायचे. पहिला बाण डावीकडे गेला. मी पिन उजवीकडे सरकवायला लागले. टीप डावीकडे गेली की कापड आपण उजवीकडे ओढतोच.

"नाही, नाही. डावीकडेच न्या."

"पण चूक डावीकडे झाली ना?"

"म्हणूनच. बाण जाईल तिकडे पिन न्यायची. बाणाला बोलून उपयोग नाही." त्यांनी पुढचा बाण काढला. "हे मी लय उशिरा शिकलो."

पंधरा दिवस आमचं ते काम चाललं. सून म्हणाली, "आई, यार, तुम्ही आमच्याशीसुद्धा इतकं बोलत नाही." खरं होतं.

एका रविवारी रेवा आली. उंच, वेणी घातलेली, बूट चिखलाचे. मला बघून "हाय मावशी" म्हणाली आणि स्वतः पावलं मोजून प्लेट लावली. काकांनी चारही चष्मे काढून माझ्या हातात दिले. मी ते ओच्यात धरून उभी राहिले.

पहिला आत. दुसरा आत. तिसरा, चौथा आत. पाचव्याला काकांनी दोरी ओढली. बाण सुटला.

रेवा प्लेटपाशी गेली आणि खाली वाकली. पाचवा बाण अगदी कडेवर होता, प्लेटची दुमडलेली किनार फाडून. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"बेअरली, बाबा."

"टॉलरन्समध्ये आहे," काका म्हणाले. आवाज बारीक.

तिनं बाण उपटला. "सॅटर्डे. बारा वाजता रेडी राहा. आणि नो आफ्टरशेव्ह."

हरणाला वास लगेच कळतो. त्या आठवड्यात काकांनी कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन अंगणात वाळत घातले आणि कुंपणाशी येऊन मला विनंती केली, शनिवारपर्यंत हिंगाची फोडणी नको. आम्ही तीन दिवस उकडलेलं खाल्लं.

रविवारी सकाळी ते पायरीवर आले, धनुष्य मांडीवर. मी चहा दिला.

"मिळालं का हरीण?"

"झाडावर मचाण असतं, ताई. दोघांना पुरेल एवढं. चार तास बसलो. एक शब्द बोलायचा नाही, नियमच आहे." चहा फुंकला. "चार तास ती माझ्या शेजारी होती आणि आम्ही भांडलो नाही. तिच्या जन्मात पहिल्यांदा. तहान लागली तर बाटली पुढे करायची. थंडी वाजली तर तिनंच माझी टोपी कानावर ओढली."

"आणि हरीण?"

"आलं ना. दिवस मावळता मावळता. तिनं कोपर लावलं. मी दोरी ओढली, भोकातून बघितलं, तर सगळा काळोख. बारीक भोकातून उजेड किती येणार? दोरी हळूच परत सोडली. तिनं पाठीवर हात ठेवला, गेलं हरीण. गाडीत विचारलं, व्हॉट हॅपन्ड. तेव्हा सांगितलं मग, डोळ्यांचं सगळं. शेवंतीचं पण."

"रागावली?"

"गाडीचा हीटर माझ्याकडे वळवला."

मला वाईट वाटलं. भोक बारीक करायला मीच सांगितलं होतं. मी बटणांचा डबा आणला, जुनी कडी शोधून काढली आणि म्हटलं, ही थोडी मोठी आहे, संध्याकाळी उजेड येईल. दहा मिनिटांत बांधते.

काकांनी धनुष्य जवळ ओढून घेतलं.

"असू द्या, ताई. परमिट एकाच हरणाचं आहे. ते मिळालं की झालं." ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. "पुढच्या शनिवारी पण न्यायला येते म्हणाली."

मी हातातल्या कडीकडे बघितलं.

"टॉलरन्समध्ये आहे," ते म्हणाले.

मी जुनी कडी बटणांत टाकली आणि डब्याचं झाकण लावलं.