टेलचा तास

जो तास माझा नव्हता, तो मी बंगळूरूच्या एका प्राध्यापकांना देऊन टाकला. तोही लेखी, आणि वर ‘कळविण्यास आनंद होत आहे’ असं लिहून.

तास दुर्बिणीचा. जत तालुक्यातल्या एका उघड्या माळावर आमचं केंद्र आहे. राष्ट्रीय केंद्र. म्हणजे यंत्र सरकारचं, आणि देशातल्या कुठल्याही शास्त्रज्ञानं अर्ज करावा, वेळ मिळाला की यावं, वापरून जावं. आकाशातून दिवसा-रात्री येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या अवाढव्य डिश माळावर रांगेनं उभ्या आहेत. आसपासचे मेंढपाळ त्यांना पराती म्हणतात. मी तिथला नियोजन अधिकारी. मूळचा साताऱ्याचा, व्यवस्थापनाची पदवी पुण्याची. अकलेचा पत्ता अजून लागलेला नाही.

रुजू झालो त्या दिवशी फाटकाजवळच्या खोलीत एक पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि कानावर पेन्सिल असे गृहस्थ बसले होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “सायेब, तुमी हेडचं का टेलचं?”

मला काही समजलं नाही. मी म्हणालो, “साताऱ्याचा.”

“मंग हेडचंच की वं. कृष्णा आदी तुमच्या दारात, मंग उरली तर आमच्या सांगलीत.”

हे नेमगोंडा पाटील. सगळ्यांचे नेमूआण्णा. जन्म कालव्याच्या काठावर गेलेला. काही वर्षं पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडून कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडवाले. शेपटाला ज्यांची, ते टेलवाले. हेडवाल्यांनी हात आखडता घेतला नाही, तर टेलवाल्याच्या चरीत नुसती धूळ. केंद्रासाठी जमीन गेली तेव्हा आण्णांना फाटकावर नोकरी मिळाली.

पहिल्याच वर्षी दुर्बिणीच्या वेळेवरून शास्त्रज्ञांची एवढी भांडणं झाली म्हणे, की त्या वेळचे संचालक चहा पिताना फाटकावरच डोकं धरून बसले. आण्णा म्हणाले, “ह्यात काय अवघड हाय?” आणि खडूनं भिंतीवर आवर्तनाचा तक्ता काढला. कालव्याच्या पाण्याचा असतो तसाच. पंधरा दिवसांचं एक आवर्तन. आधी टेल, मग हेड. म्हणजे लांबची, लहान कॉलेजं पहिली, मोठ्या संस्था नंतर. भांडणं थांबली. खडूचा कागद झाला, कागद वाढत वाढत खोलीच्या तीन भिंतींवर गेला, आणि देशाची दुर्बीण फाटकावरच्या माणसाच्या पेन्सिलीवर चालू लागली.

आण्णांच्या लेखी शास्त्रज्ञ नव्हतेच. होते ते बागायतदार. दुर्बिणीचा वेळ म्हणजे पाणी. वीज गेली, केबल जळली, की “पाट फुटला.” निरीक्षणं आटोपून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारायचे, “पाणी पोचलं का?” एका पाहुण्यानं हे ऐकून विनम्रपणे सांगितलं होतं, की हो, बाटली खोलीत मिळाली.

आणि कुणाचंही निरीक्षण चालू असलं की आण्णा नियंत्रण कक्षाच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. पार संपेपर्यंत. तिथं त्यांचं काहीएक काम नसायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “दारं धराय नगं?” शेतात पाणी आलं की एकानं खोरं घेऊन चरीच्या तोंडाशी थांबावं लागतं, याला दारं धरणं म्हणतात. आण्णा आकाशाची दारं धरायचे.

त्यांचा खरा वैरी मोबाइल. दुर्बीण इतकी हळवी, की जवळ एक मोबाइल चालू असला तरी ताऱ्याचा आवाज त्यात बुडतो. म्हणून प्रत्येकानं फाटकावर आपला मोबाइल लोखंडी पेटीत ठेवायचा. शंका आली की आण्णा हातातलं एक खरखरणारं यंत्र घेऊन माळ पालथा घालायचे. लहर सापडली की यंत्र गुरगुरायचं. त्याला ते कुत्रं म्हणत. “कुत्रं सोडू का?” म्हटलं की भलेभले डॉक्टरेटवाले खिसे चाचपायचे. माझ्याकडे दोन मोबाइल असतात, एक ऑफिसचा, एक घरचा. पेटीत ठेवताना माझा नेहमी घोळ व्हायचा.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. दिल्लीहून आढावा समिती येणार होती. मागच्या समितीनं शेरा मारला होता, की केंद्राला धोरण नाही, व्यवस्थापन नाही, कारभार एका माणसाच्या डोक्यावर चालतो. आमच्या संचालक मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “या वेळी नापास झालो तर दुर्बीण दोन-तीन मोठ्या संस्थांच्या ताब्यात जाईल. बाहेरच्यांना दार बंद. काहीतरी करा.”

काहीतरी करा म्हटलं की मला राहवत नाही. मी सदतीस स्लाइडचा धोरणात्मक आराखडा केला. अर्ज घेणारं, गुण देणारं, वेळ वाटणारं सॉफ्टवेअर आणलं. तीन आठवडे झोप नाही. तक्त्यातली माहिती संगणकात भरताना मला प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक तास रिकामा दिसला. त्यात फक्त पेन्सिलीचा एक गोल. मी खूश. वाया जाणारा तास! भरून टाकला की वापराची टक्केवारी वाढते आणि समितीपुढे मांडायला आलेख मिळतो. आण्णांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण तज्ज्ञ माणसानं फाटकावर काय विचारायचं? सॉफ्टवेअरनं सर्वांत जास्त गुणांचा अर्ज उचलला, मी पत्र पाठवलं.

समिती आली त्याच दिवशी दुपारी बंगळूरूचे प्राध्यापक वेंकटेश दोन सहकाऱ्यांसह हजर झाले. सहा ते सात. आवर्तनाचा शेवटचा तास.

आणि पाठोपाठ मिरजेहून एसटीनं एक बारकी, दमलेली मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात पुठ्ठ्याची फाइल. नाव रेमी. मिझोरममधल्या एका लहान कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी. करते. गेल्या आवर्तनात तिचा तास आला होता, पण ऐन वेळी वीज पडून केबल जळली. तिला हवा होता एकच तारा, आणि त्याची एकच नोंद. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झालेली, पुन्हा वाढणार नव्हती. आण्णांनी तिला सांगितलं होतं, “ताई, अगले आवर्तन में आव. टेल का तास तुमारा.” कागद नाही, सही नाही. तेवढ्या शब्दावर ती चार दिवस गाड्या बदलत आली होती.

पेन्सिलीचा गोल म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. ज्याचं पाणी वाटेत फुटलं त्याच्यासाठी आवर्तनाच्या टेलला राखलेला तास.

“आण्णा,” मी हळूच म्हणालो, “तो तास मी दिला.”

“कुणाला?”

“बंगळूरूला.”

आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पाच वाजता सगळे बैठकीच्या खोलीत. समितीचे अध्यक्ष, मॅडम, वेंकटेश, दाराशी फाइल छातीशी धरलेली रेमी. भिंतीवर माझी एकोणिसावी स्लाइड, ‘पारदर्शक वेळवाटप’. अध्यक्षांनी स्लाइडकडे बघितलं, रेमीकडे बघितलं आणि विचारलं, “एकच तास दोघांना? ही चूक कोणाची?”

मी तोंड उघडलं. म्हणजे उघडलं होतं. पण नोकरी, साताऱ्यातल्या घराचा हप्ता, बायकोला मारलेल्या बढाया, सगळं एकदम आडवं आलं.

“माझी हाय सायेब,” आण्णा म्हणाले. “गोल लय फिक्कट काढला. नव्या माणसाला दिसंल असा काढाय पायजे हुता.”

अध्यक्ष काहीतरी लिहू लागले. मॅडमचा चेहरा पडला. मला दिसत होतं काय लिहिलं जाणार ते: एका माणसाच्या डोक्यावर चालणारा कारभार, आणि ते डोकंही आता भरवशाचं नाही. घड्याळात सव्वापाच. रेमी घड्याळ बघत होती, मी रेमीला.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. आवाज इतका चिरका निघाला, की मलाच ओळखू आला नाही. “गोल ठळक होता. मी विचारलं नाही.” आणि मग त्या गोलाचा अर्थ सांगितला. सदतीस स्लाइडमध्ये जे नव्हतं ते चार वाक्यांत सांगून झालं.

अध्यक्षांची लेखणी थांबली. “प्रत्येक आवर्तनात हा तास राखला जातो? हे तुमच्या आराखड्यात का नाही?”

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की स्लाइड आपोआप बंद व्हावी.

अध्यक्ष वेंकटेशांकडे वळले. पत्र त्यांच्या हातात होतं, हक्कही. त्यांनी हिंदीत आण्णांना विचारलं, “पुढच्या आवर्तनात मला देणार?”

“दूसरे दिन का पयला तास. लिखके देता.”

“लेखी नको,” प्राध्यापक म्हणाले. “तुम्ही तोंडानं सांगा. लेखी काय असतं ते मी आज बघितलं.” आणि माझं पत्र घडी करून माझ्याच समोर ठेवलं.

सहा वाजता रेमी आत गेली. आण्णांनी स्टूल टाकलं. मी शेजारी जमिनीवर टेकलो. दहा मिनिटांत ती रडवेली होऊन बाहेर आली. पडद्यावर कसली तरी खरखर उठत होती, तारा दिसतच नव्हता. आण्णांनी कुत्रं सोडलं. यंत्र हातात घेऊन ते अर्धं पाऊलही चालले नसतील, तोच कुत्रं गुरगुरायला लागलं. थेट माझ्याकडे तोंड करून. घरचा मोबाइल. बायको विचारत होती, समितीचं कसं झालं.

मी मोबाइल बंद करून फाटकापर्यंत पळालो, पेटीत टाकला, धापा टाकत परत आलो. दहा मिनिटं फुकट गेलेली. उरलेल्या वेळात तिची नोंद पुरी होईल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही दाराकडे बघत बसलो.

पश्चिमेला सूर्य परातींच्या मागे उतरत चालला होता. तेव्हा माझं लक्ष आण्णांच्या डब्याकडे गेलं. फडक्याची गाठ तशीच. आण्णा जैन, दिवस बुडल्यावर अन्नाला शिवत नाहीत.

“आण्णा, जेवून घ्या. बुडेल आता. मी बसतो इथं.”

“ऱ्हावू द्या.”

थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमचं रान टेलला. तक्त्यात बाचं नाव शेवटाला, दिवस बुडायच्या टायमाला. बा खोरं घिऊन चरीवर बसायचा, मीबी शेजारी. आई हाका मारायची, बुडाय लागला बगा, जेवा. बा उटायचा न्हाई. म्हणायचा, उटलो आन् आलं तर?”

“यायचं?”

“कवाच न्हाई. वर्षं गेली. एकदा आईनं लय धरलं म्हून दोघं उटलो, चार घास खाल्लं.” आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “त्याच दिवशी आलं. समदं पाणी वड्याला गेलं.”

सूर्य गेला. डबा तसाच राहिला.

सातला दार उघडलं. आण्णा उभे राहिले. पण प्रश्न विचारेनात, नुसते बघत राहिले. शेवटी रेमीच म्हणाली, “आण्णा, पानी पोचा.” आणि त्यांच्या पायाला हात लावायला वाकली. आण्णा घाईघाईनं मागे सरले, टोपी घातली, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याचं कारण पुढे करून माळाकडे तोंड फिरवलं.

समितीनं काय लिहिलं, ते अजून कळायचंय. पण आण्णांच्या नोकरीची मुदतवाढ मार्चमध्ये संपते. मुलगे पुण्यात, रान केव्हाच गेलेलं, स्टुलावर बसायला मागे कुणी नाही. माझा ऊर भरून आला. इतका, की मी म्हणालो, “आण्णा, तुमच्यानंतर दारं धरायला मी बसेन.”

आण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

“तुमी?” ते म्हणाले. “आवं सायेब, गळती तुमच्याच खिशात हाय.”